आक्काच्या नावानं दिलेली परीक्षा

आबा, काल एका नऊ वर्षांच्या मुलीनं मला धडा वाचून दाखवला आणि तेव्हापासून मला तुमचा इतका राग आलाय की काल रात्रीचं जेवण गेलं नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून वीस वर्षं नाही बोलले. दरवर्षी तुमच्या तिथीला नैवेद्याची वाडी दाखवली, कुणी तुमचं नाव काढलं की "फार शिस्तीचे होते" असं म्हटलं, तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी रस्त्यात वाकून नमस्कार केला तर मान डोलावली. आता बास. आज रविवार आहे, शाळा नाही, दुपार झालीय. आक्का मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसलीय आणि मी तुम्हाला लिहितेय. पोटची मुलगी लिहितेय असं समजू नका, एक मास्तरीण एका मास्तराला जाब विचारतेय असं समजा.

ती मुलगी इथून जवळच्या औंढ्याची. बाप भातशेती करतो, आई लोणावळ्यात दूध घालायला येते. दोन वर्षं ती पोर पहिलीतच बसली होती. मागच्या वर्षी तिची आई माझ्याकडं आली, दुधाची चरवी खाली ठेवली आणि म्हणाली, "बाई, हिला काडून घेऊ का साळंतून? समदी म्हणत्यात हिच्या डोस्क्यात काय शिरत न्हाई. घरी तर लय हुशार हाय वो. कुटं निरोप धाडला तर जसाच्या तसा सांगती. फकस्त पाटी म्हणलं की रडती." मी तिचं ऐकत होते आणि मला आपली आई दिसत होती, तुमच्यासमोर पदर सावरून उभी राहिलेली. तिनंही हेच सांगितलं होतं तुम्हाला, जवळजवळ ह्याच शब्दांत. तुम्ही तिला काय म्हणालात ते आठवतंय का? "तू चूल बघ," म्हणालात.

मी त्या बाईला म्हटलं, थांबा थोडं, काढू नका. खरं सांगायचं तर मलाही काही सुचत नव्हतं. ट्रेनिंगला आम्हाला मंद मुलं आणि हुशार मुलं एवढंच शिकवलं होतं. ही पोर त्या दोन्हींत बसत नव्हती. त्याच सुमाराला मुंबईच्या एक डॉक्टरीणबाई हवापालटाला इथल्या बंगल्यात येऊन राहिल्या होत्या. शाळेतल्या मुलींचे डोळे तपासून देईन म्हणाल्या. ह्या मुलीचे डोळे तपासले, ठणठणीत निघाले. मग त्यांनी तिच्याशी खूप वेळ गप्पा मारल्या, गोष्ट सांगितली आणि परत सांगायला लावली, पाटीवर चार अक्षरं काढायला लावली. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "बाई, ही मंद नाही. उलट चलाख आहे. डोळ्यांनी बघितलेलं अक्षर आणि कानांनी ऐकलेला आवाज यांची गाठ मेंदूत बसावी लागते. तुमची-आमची आपोआप बसते. काही मुलांच्या मेंदूची घडणच निराळी असते, त्यांची बसत नाही. जन्मापासूनचं आहे ते. ह्यात आळस नाही, हट्ट नाही, कुणाचं पाप नाही."

मी विचारलं, मग अशा मुलांनी शिकायचंच नाही का? त्या म्हणाल्या, "का नाही? शिकतात. पण सगळ्यांबरोबर एका सुरात ओरडून नाही शिकत. त्यांना वेगळं घेऊन बसावं लागतं. एका वेळी एकच अक्षर. मोठं काढायचं, बोटानं गिरवायचं, गिरवताना तोंडानं म्हणायचं. हात, डोळा, कान सगळे एकदम कामाला लावायचे. घाई नाही, मार नाही. आणि जे तिला तोंडी येतं ते तोंडीच विचारायचं."

आबा, मला पुढचं काही ऐकू आलं नाही. तुमची माळ्यावरची धूळपाटी डोळ्यांसमोर आली. तुम्ही स्वतः पंतोजींच्या शाळेत त्या फळीवर धूळ पसरून, बोटानं गिरवून अक्षरं शिकलात. आम्हाला कौतुकानं सांगायचात. आई एकदा म्हणालीही होती, "तुमची ती धुळीची फळी काडा की खाली. पोरीला बोटानं शिकवून बगा." तुम्ही हसलात. बोर्डाच्या शाळेत पाटी-पेन्सिल आली, आता धुळीत बोटं घातली तर शाळा तपासायला येणारा डेप्युटी हसेल म्हणालात. म्हणजे औषध घरातच होतं, माळ्यावर, हात वर केला की लागेल इतक्या जवळ. फक्त तुमची इभ्रत मधे आली.

आक्का काय ढ होती? तुम्ही चौथीचा धडा एकदा मोठ्यानं वाचला की दुसऱ्या दिवशी ती भाकरी थापताना पुरता म्हणून दाखवायची, तुमच्या आवाजातल्या चढउतारासकट. पावसाळ्याच्या आधी गावातल्या म्हाताऱ्या बाया पावसात डोक्यावर घ्यायची इरली विणायला बसायच्या, तेव्हा दहा वर्षांच्या आक्काला हाक मारून न्यायच्या. बांबूची कुठली कामटी कुठून वळवायची ते तिला बघताक्षणी कळायचं. पावकी-निमकी तिला तोंडपाठ होती. फक्त छापलेलं पान पुढं आलं की तिच्या कपाळाला घाम यायचा. तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी सहा वर्षांची, तुमच्या खुर्चीच्या पायाशी बसलेय. आक्का उभी आहे, पुस्तक हातात आहे, सगळा वर्ग बघतोय. ती पुन्हा पुन्हा त्याच शब्दाशी अडते. तुम्ही विचारता, "काय झालं? दातखीळ बसली?" ती म्हणते, "आबा, ती जागंवर थांबत न्हाईत." अक्षरांबद्दल सांगत होती ती. इतकं सरळ सांगत होती. आणि तुम्ही तिच्या थोबाडीत मारलीत, उलट बोलते म्हणून. कानातली बाळी वाकली तिच्या. मग तासभर अंगठे धरून उभं केलंत.

मारून थकलात आणि मग डेप्युटीची परीक्षा आली. ऐका, हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. आक्का नापास झाली असती तर काय बिघडलं असतं? गावातली निम्मी मुलं नापास व्हायची. त्या दिवशी ती आजारी आहे म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मास्तराची पोरगी, आणि मास्तर कोण, तर नांगर सोडून पहिल्यांदा खुर्चीवर बसलेला घराण्यातला पहिला माणूस. लोक हसतील ह्या भीतीनं तुमची झोप उडाली. मग तुम्ही तोड काढलीत. मला वाचता येत होतं, पाचव्या वर्षापासून, कुणी न शिकवता. माझं नाव तुम्ही पटावर घातलंच नव्हतं. डेप्युटी यायच्या आदल्या दिवशी आक्काला बेडशाला मावशीकडं धाडलंत आणि मला आक्काचं परकर-पोलकं घालून, टाचणीनं आवळून, तिच्या जागी बसवलंत. नाव पुकारलं आक्काचं, उठले मी. सगळा वर्ग जाणून होता. छडीपुढं कुणाची बिशाद होती तोंड उघडायची? डेप्युटी म्हणाले, "वयाच्या मानानं मुलगी लहान दिसते." तुम्ही हात जोडून म्हणालात, "खाण्याची आबाळ करते, साहेब." संध्याकाळी तुम्ही मला निळ्या काचेची दौत दिलीत, झाकणाची. मला इतका आनंद झाला होता की मी ती उशाशी घेऊन झोपले.

पुढची तीन वर्षं हेच. मी मराठी चौथी दोनदा पास झाले, आबा. एकदा आक्का म्हणून आणि नंतर एकदा, तुम्ही मला लोणावळ्याच्या शाळेत घातलंत तेव्हा, मी म्हणून. आणि आक्का? ती पहिली पास, दुसरी पास, तिसरी, चौथी पास. पास झालेल्या मुलीला कोण शिकवणार? तुम्ही तिला शिकवणंच सोडलंत. मार थांबला म्हणून ती खूश होती. एवढंच तिला मिळालं तुमच्या शाळेतून. मी आज वर्गात उभी राहते तेव्हा हेच मला सगळ्यात जास्त जाळतं. नापास केलं असतंत तर निदान कुणालातरी वाटलं असतं की हिला अजून शिकवायचं बाकी आहे.

मग स्थळ आलं. कल्याणला रेल्वेत नोकरी करणारा मुलगा, नव्या विचारांचा, अट एकच, मुलगी लिहिती-वाचती हवी. तुम्ही छाती पुढं काढून दाखला दाखवलात. बघायला आले तेव्हा आक्कानं तिसऱ्या पुस्तकातला धडा "वाचून" दाखवला. पाठ होता तिला. पान उलटायची वेळ आली की मी शेजारून तिच्या पायाचा अंगठा दाबत होते. लग्न झालं. वर्षभर ती माहेरी होती, रिवाजाप्रमाणं. तिच्या नवऱ्याची पत्रं यायची आणि उत्तरं मी लिहायची, तिच्या नावानं. तुम्ही म्हणायचात, अक्षर जरा मोठ्या मुलीसारखं काढ. ती चुलीपाशी बसून सांगायची, "लिव, म्हणावं हितं भात निसवलाय, तुमच्याकडं खाडीची हवा सोसती का." मी त्यात माझ्या पदरची दोन वाक्यं घालायची, पुस्तकी. त्यांना ती पत्रं फार आवडायची. बारा वर्षांच्या पोरीला ह्याचाही गर्व वाटायचा बघा.

सासरी गेल्यावर किती दिवस लपणार होतं? श्रावणात सासूनं पोथी पुढं ठेवली. ती पोथी आक्कानं कधी ऐकलेली नव्हती. तिला एक ओळ म्हणता येईना. सासूबाई रागावल्या. नवऱ्यानं एक कागद पुढं केला, त्याचंच पत्र, म्हणाला हे वाच. ती रडायला लागली. गौरीगणपतीला म्हणून तिला आपल्याकडं आणून सोडलं आणि आठ दिवसांनी जावयाचं पत्र आलं. तुमच्या नावानं होतं. तुम्ही ओट्यावर बसून वाचलंत, परत वाचलंत, घडी घातलीत. मला हाक मारलीत. म्हणालात, "आक्काला वाचून दाखव. एवढंच वाच, की फसवणूक झाली, आता संबंध राहिला नाही."

मी पत्र हातात घेतलं. मला वाचता येत होतं ना, आबा. तुम्हीच तर मिरवायचात. त्यात लिहिलं होतं की पत्रं दुसऱ्या कुणी लिहिली हे मला समजले आहे. तिला वाचता येत नाही याचा मला राग नाही, खोटेपणाचा आहे. तिने येऊन माझ्या आईसमोर खरे काय झाले ते एकदा सांगावे. मग ती इथेच राहील. मी तिला घरी स्वतः शिकवीन. दिवाळीच्या आत पाठवावे. असं लिहिलं होतं. त्या माणसानं दार उघडं ठेवलं होतं. आणि तुम्हाला फक्त एवढंच दिसलं, की आक्का खरं बोलली तर परीक्षेला कोण बसलं होतं ते बाहेर पडेल, बोर्डापर्यंत जाईल, खुर्ची जाईल.

मी आक्काजवळ जाऊन बसले. ओळींवरून बोट फिरवलं आणि तुम्ही सांगितलं तेवढं वाचलं. ती ऐकत होती. मग तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं, मागनं-पुढनं बघितलं आणि म्हणाली, "येवढं मोटं पत्र, आन येवढंच लिव्हलंय?" मी म्हटलं, "बाकी सगळं नमस्कार-चमत्कार आहे." ती म्हणाली, "व्हय का." पत्र तिनं ठेवून घेतलं. मी घाबरून तुम्हाला येऊन सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "असू दे. तिला कुठं वाचता येतंय?" बापाच्या तोंडचं वाक्य आहे हे. मी आजवर इतकं हलकट वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

दिवाळी गेली. दोन वर्षांनी त्यांनी दुसरं लग्न केलं. ती बातमी तुम्हीच आणलीत आणि आईला म्हणालात, "बघ, मी म्हणत नव्हतो?" आई तशीच गेली, जावयाला शिव्याशाप देत. तुम्ही हेडमास्तर झालात, शाल-नारळ घेतलात. सत्काराच्या दिवशी घरी चाळीस माणसांचा स्वयंपाक आक्कानं केला. मी पुण्याला ट्रेनिंग केलं, नोकरी धरली, लग्नाच्या भानगडीत पडले नाही. तुमच्यामागं आक्काला इथं लोणावळ्याला घेऊन आले. तेव्हापासून ती माझं घर बघते. लोक म्हणतात, बहिणीला सांभाळते, केवढं मन. मी ऐकून घेते.

त्या औंढ्याच्या मुलीला मी रोज शाळा सुटल्यावर घरी आणू लागले. जेवायच्या मोठ्या परातीत इंद्रायणीकाठची बारीक वाळू पसरली. एक अक्षर चार-चार दिवस. गिरव, म्हण, पूस, परत गिरव. पहिले दोन महिने वाटलं की जमत नाही. इन्स्पेक्टर आले तेव्हा मी तिला उभं केलं आणि म्हटलं, "साहेब, ही मुलगी अजून वाचत नाही. हिची घडण निराळी आहे, मी निराळ्या तऱ्हेनं शिकवतेय. तोंडी काय विचारायचं ते विचारा. वाचनात नापास लिहा." ते म्हणाले, "बाई, तुमचा निकाल खाली जाईल." मी म्हटलं, जाऊ द्या. एवढंच बोलायचं होतं, आबा. त्याला काही लागत नाही. माझी जीभ झडली नाही की नोकरी गेली नाही. आणि काल, सातव्या महिन्यात, त्या पोरीनं धडा वाचला. अडखळत, बोट ठेवून, पण अनोळखी धडा, पाठ केलेला नाही. सात महिने लागले. आक्काचं सगळं आयुष्य तुम्ही सात महिन्यांच्या वाळूपायी घालवलंत.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण जाब विचारायला बसलेय तर माझाही द्यायला हवा. आक्का रोज त्या शिकवणीच्या वेळी जवळ येऊन बसायची, कधी शेंगा सोलत, कधी नुसतीच. काल पोरीनं वाचलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. पोर गेल्यावर परात उचलायच्या आधी तिनं वाळूत बोटानं पहिलं अक्षर काढलं. बरोबर काढलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला यील का गं?" आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "आता ह्या वयात कशाला तो ताप?" ती "व्हय, ते बी खरंय" म्हणाली आणि परात उचलून न्हाणीकडं गेली.

येईल, आबा. तिला सहा महिन्यांत येईल, त्या पोरीपेक्षा लवकर येईल. मला पक्कं ठाऊक आहे. पण ते पत्र तिच्या ट्रंकेत आहे. लुगड्यांच्या तळाशी, फडक्यात बांधलेलं. ती दर दिवाळीला ट्रंक उन्हाला घालते तेव्हा ते बाहेर काढते आणि परत ठेवते. तिला वाचायला आलं तर ती सगळ्यात आधी तेच वाचणार. त्यात तुमची लबाडी आहे, पण ते वाचून दाखवणारा आवाज माझा होता.

आक्का आत्ता उठली, चहाचं विचारायला येईल. हे कागद मी कुलपात घालणार नाही. इथंच टेबलावर उघडे ठेवीन. ती पुसायला येईल तेव्हा नीट गोळा करून, वर काहीतरी वजन ठेवून जाईल, माझे शाळेचे कागद समजून. मला काडीचीही भीती वाटत नाहीये. तिला वाचता येत नाही हे मला अजून सोयीचं आहे.